शून्य मिलिमीटरची नोंद

पावसाळ्याच्या तोंडावर बडोद्यात आता एक ठरलेला वाद होतो, शेव-उसळीच्या लारीपासून सोसायटीच्या सभेपर्यंत कुठेही. २०२४ च्या ऑगस्टात विश्वामित्री नदी ३५ फुटांच्या वर गेली, तेव्हापासून त्याला जरा कडवटपणाही आला आहे. एक बाजू म्हणते, हातात स्मार्टफोन आहे, फोनात सरकारी ॲप आहे, वर उपग्रह आहे. मग गच्चीवर बांबूला तार बांधून 'हॅलो हॅलो' करणारे हौशी म्हातारे आणि अंगणात बरणी मांडून पाऊस मोजणारे रिकामटेकडे कशाला हवेत? दुसरी बाजू आम्हा हॅमवाल्यांची, म्हणजे परवाना काढून हौसेने रेडिओवर बोलणाऱ्यांची. आमचं उत्तरही पाठ झालेलं: 'सगळं बंद पडतं तेव्हा आम्हीच चालू असतो.' लगेच कुणीतरी भूजचा भूकंप काढतो, कुणीतरी ओडिशाचं चक्रीवादळ, आणि सभा चहावर संपते. मी या दुसऱ्या बाजूचा आहे, परवाना आहे, रेडिओ सेट आहे, गच्चीत अँटेनाची काठीही आहे. तरी मला वाटतं, दोन्ही बाजू नको त्या गोष्टीवर भांडताहेत. नवं यंत्र की जुनं, यावर ही सगळी शक्ती खर्च होते. पुराच्या रात्री मात्र कामी येते ती कोरड्या दिवसांत लागलेली सवय. जी वाट रोज वापरली जात नाही ती आणीबाणीत सापडत नाही. आणि रोज, फुकट, कुणी न सांगता ती वाट वापरणारा माणूस एकच असतो: छंदिष्ट. म्हणून माझी मागणी साधी आहे. शहराने हौशी पर्जन्यनोंदींना आणि हॅमच्या नियमित हजेरीला पूर-इशाऱ्याच्या व्यवस्थेत रीतसर जागा द्यावी, आणि बटणांच्या फोनला त्या साखळीतून हाकलू नये.

आधी आमच्या नदीविषयी, कारण बाहेरच्यांना ती कळत नाही आणि आतल्यांना ती फक्त मगरींमुळे आठवते. विश्वामित्री पावागडाकडून येते, वाटेत आजव्याच्या जलाशयाचं पाणी घेते (सयाजीराव महाराजांनी बांधलेला, १८९२ पासून शहराला पाणी पाजणारा), आणि शहराच्या ऐन मधून वळणं घेत पुढे ढाढरला मिळते. काळा घोडा पुलापाशी धोक्याची पातळी २६ फूट. ३१ जुलै २०१९ ला शहरावरच २४ तासांत सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस कोसळला. तेव्हा सांगायला कुणी नको होतं, आभाळच सांगत होतं. २०२४ चा अनुभव निराळा. पाऊस ओसरल्यावरही नदी खाली यायचं नाव घेईना, कारण वरचं पाणी यायचंच होतं. म्हणजे दांडिया बाजारात ऊन पडलेलं असताना वर पावागडाजवळच्या हालोलच्या बाजूला काय पडतंय, हे ज्याला कळेल त्याला काही तास मिळतात. ते काही तास म्हणजे गव्हाचं पोतं माळ्यावर, आजी वरच्या मजल्यावर आणि स्कूटर पुलावर. एवढ्यासाठीच हा सगळा खटाटोप.

शहरातल्या शहरातही पाऊस एकसारखा पडत नाही. माझा मावसभाऊ वाघोडिया रस्त्यावर राहतो. त्याला मी माझ्यासारखाच पर्जन्यमापक करून दिला: सरळ उभ्या कडांची नळी, तिच्याच मापाचं नरसाळं, बाजूला पट्टी. पहिल्याच आषाढात एका सकाळी त्याचा आकडा माझ्या दुपटीहून जास्त निघाला. मी त्याला वेड्यात काढलं. तो म्हणाला, 'तू येऊन बघ, गुडघाभर पाण्यातून ये.' गेलो नाही. त्याचं खरं होतं. अमेरिकेत कोलोरॅडोतल्या फोर्ट कॉलिन्स या गावात २८ जुलै १९९७ ला नेमकं हेच झालं होतं. गावाच्या एका टोकाला पावसाने कहर केला, पाच माणसं गेली, आणि काही मैलांवरच्या दुसऱ्या टोकाला लोकांना रात्री काय घडलं याचा पत्ताही नव्हता. पुढच्याच वर्षी तिथल्या हवामानतज्ज्ञांनी सामान्य नागरिकांना चार-चार इंचांचे पर्जन्यमापक देऊन रोजची नोंद मागायला सुरुवात केली. आज त्या जाळ्यात हजारो माणसं आहेत, आणि सरकारी हवामान खातं ते आकडे वापरतं. त्यांच्या नियमांतला मला सर्वांत आवडणारा नियम असा: पाऊस पडला नाही तरी कळवा. शून्य हीसुद्धा नोंद आहे.

आता समोरच्यांचं ऐकू या, कारण त्यांच्याकडेही वजनदार मुद्दे आहेत. पहिला दर्जाचा. हौशी माणूस मापक ठेवतो कुठे? सोयीच्या जागी, म्हणजे चुकीच्या जागी. माझंच सांगतो. पहिली दोन वर्षं माझा मापक पेरूच्या झाडापासून हातभर अंतरावर होता. पाऊस थांबल्यावरही पानं ठिबकत राहायची आणि मी ते थेंब ढगांच्या खात्यात जमा करत होतो. २०१९ च्या त्या दिवशी तर नळी केव्हा भरून वाहू लागली हे मला कळलंच नाही. माझ्या वहीत त्या तारखेला आकड्यापुढे 'पेक्षा जास्त' असं लिहिलेलं आहे, आणि ते बघून अजूनही लाज वाटते. बाजारात मिळणारी हौशी स्वयंचलित केंद्रंही फार शहाणी नसतात. त्यांच्यातली पाऊस मोजणारी छोटी डोलती पळी मुसळधार पावसात मागे पडते आणि नेमका मोठा पाऊस कमी दाखवते. हे सगळं मान्य. पण यावरून निष्कर्ष काय काढायचा? सरकारी पर्जन्यमापक चोख असतो, त्याची जागा, उंची, अडथळ्यांपासूनचं अंतर सगळं नियमात बसवलेलं असतं. तरी त्याचं तोंड जेमतेम २०० चौरस सेंटिमीटरचं, दोन तळहातांएवढं. दोन तळहातांवर पडलेला पाऊस कितीही अचूक मोजला, तरी तो नदीच्या पलीकडच्या तीरावर किती पडला हे कसा सांगणार? एक अचूक आकडा आणि चाळीस जरा खडबडीत आकडे यांत निवड करायची वेळ आलेली नाही. दोन्ही घ्या, हौशी आकड्यांवर 'हौशी' असा शिक्का मारा, जो आकडा शेजाऱ्यांशी जुळत नाही तो बाजूला ठेवा. आणि जागा शिकवता येते. पेरूपासून दूर जायला मला कुणीतरी एकदा सांगायलाच हवं होतं, एवढंच.

दुसरा मुद्दा अफवांचा, आणि तो मला जास्त गंभीर वाटतो. दर पावसाळ्यात आमच्या घरच्या गटात एकदा तरी 'आजवा फुटला' असा निरोप येतो, बहुधा पुण्यातून. लोक म्हणतात, ज्याच्या त्याच्या हाती हवामान दिलं तर हे वाढेल. मी उलट म्हणतो: अफवा तिथेच माजते जिथे विचारायला माणूस नसतो. मात्र इथे आमच्या लोकांनीही एक लक्ष्मणरेषा पाळली पाहिजे. मोजणं वेगळं आणि भाकीत वेगळं. माझ्या अंगणात आज सकाळी साडेआठपर्यंत इतके मिलिमीटर पडले, हे मी सांगू शकतो. उद्या काय होईल हे मी सांगू नये, मला ते येत नाही. हौशी मंडळींपैकी काहींना हे पटत नाही. चार नकाशे बघून ते घनघोर इशारे देऊ लागतात, आणि मग वेधशाळेतला माणूस आपल्या सगळ्यांनाच एका माळेत ओवतो. त्याचं काय चुकलं?

निरोप आणि विश्वास यांचं नातं कळायला मराठी माणसाला लांब जायला नको. पानिपत १४ जानेवारी १७६१ ला झालं. उत्तरेकडे निघालेल्या नानासाहेब पेशव्यांना त्याची पक्की कुणकुण लागली ती दहाएक दिवसांनी, आणि तीही त्यांच्या स्वतःच्या डाकेतून नव्हे. एका सावकाराचा जासूद वाटेत सापडला, त्याच्याजवळच्या पत्रात दोन मोती गळाल्याची ती प्रसिद्ध सांकेतिक ओळ होती. शाळेत आपण ही गोष्ट शोकांतिका म्हणून ऐकतो. मला तिच्यात दुसरंच काही दिसतं. राज्याची डाक मागे आणि सावकाराची पुढे, हे कसं झालं? सावकाराचे जासूद युद्धासाठी ठेवलेले नव्हते. हुंडीचा व्यवहार चालायचा तर पेठापेठांतल्या खबरा लागतात, म्हणून ती माणसं एरवीही धावत असत. वाटेतली गावं, उतार, नावाडी, मुक्काम सगळं त्यांच्या पायांना माहीत. रणधुमाळीत ज्या डाकेची घडी विस्कटली तिच्यापुढे ही रोजची डाक निघून गेली. पेशव्यांकडे घोडे कमी होते का?

आमच्या हॅमवाल्यांच्या बढाईला मी इथेच धरतो. 'सगळं बंद पडतं तेव्हा आम्ही चालतो' हे अर्धसत्य आहे. भूजमध्ये २६ जानेवारी २००१ नंतर टेलिफोन मेले आणि हॅम कामाला आले, हे खरंच. पण जे आले ते आदल्या आठवड्यातही हवेत, म्हणजे रेडिओवर, होते. त्यांच्या बॅटऱ्या चार्ज होत्या, कुठला बँड (रेडिओलहरींचा पट्टा) दिवसा उघडतो आणि कुठला रात्री, हे त्यांच्या अंगवळणी पडलेलं होतं. ७ मेगाहर्ट्झवर दुपारी दोनतीनशे किलोमीटरवरचा माणूस कसा पकडायचा, हे पुस्तकात वाचून पुराच्या पाण्यात उभं राहून करता येत नाही. पाच वॅटचा हँडसेट आमच्या पोळांतल्या, म्हणजे जुन्या दाट वस्त्यांतल्या, गल्लीतून फार लांब ऐकू जात नाही. गच्ची गाठावी लागते, आणि गच्चीची किल्ली कुणाकडे असते हे आधी ठाऊक असावं लागतं. २०१९ मध्ये माझी स्वतःची बॅटरी ऐन वेळी गेलेली निघाली. दीड वर्ष तिला हात लावला नव्हता. परवाना खिशात, सेट कपाटात प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला आणि बारा व्होल्टची बॅटरी मढं होऊन पडलेली. असा हॅम पुरात कुणाच्या कामाचा? त्यानंतर आम्ही काहीजणांनी रविवारी सकाळी हजेरी सुरू केली. एकजण नेट, म्हणजे रेडिओवरची ही सभा, चालवतो, एकेकाचं कॉलसाइन (हॅमचं हवेतलं नाव) पुकारतो, ज्याने त्याने 'हजर' म्हणायचं, आवाज कसा येतो ते सांगायचं, आपल्याकडचा पाऊस सांगायचा, सेव्हंटी-थ्री म्हणून निरोप घ्यायचा. बाहेरून बघणाऱ्याला हा निव्वळ पोरखेळ. बायको तर त्याला 'सत्यनारायण' म्हणते, कारण कथा दर वेळी तीच. पण कुणाची बॅटरी उतरली, कुणाची केबल उंदरांनी खाल्ली, कुणाच्या नव्या शेजाऱ्याच्या इमारतीने वाट अडवली, हे त्या कथेतच कळतं. छंद म्हणजेच देखभाल, आणि ती फुकट होते.

तिसरा मुद्दा सगळ्यांत बळकट आहे. मोबाइलवरचा सरकारी इशारा एका क्षणात लाखो लोकांना जातो. २०२३ मध्ये देशभर चाचणीचे निरोप आले आणि सगळ्यांचे फोन एकदम किंचाळले, ते आठवत असेल. हे हॅमला सात जन्मांत जमणार नाही. मी हा मुद्दा पूर्ण मान्य करतो. लाखोंना सावध करायचं तर हाच मार्ग. फक्त दोन गोष्टी ध्यानात घ्या. एक, तो निरोप वरून खाली येतो. खालून वर काही जात नाही. जिल्ह्याला अतिवृष्टीचा इशारा मिळाला, पण मुजमहुडाच्या कुठल्या गल्लीत पाणी कुठवर आलंय हे कोण कळवणार? दोन, हे तंत्र स्मार्टफोनचं नाही. जुन्या नोकियाच्या पडद्यावर जाल तिथल्या भागाचं नाव उमटायचं, आठवतं? ती हीच सोय, टू-जीच्या काळातली, टॉवरने आपल्या टापूतल्या सगळ्या फोनांना एकदम सांगण्याची. तेव्हा आपण ती गंमत म्हणून बघितली.

बटणांच्या फोनला हसणाऱ्यांना मी आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशींची गोष्ट सांगतो. त्या नदीकाठच्या वस्तीत राहतात. २०२४ ला आमच्याकडची वीज गेल्यावर माझा महागडा फोन दुसऱ्या दिवशीच काळा पडला. मावशींचा टॉर्चवाला फोन चौथ्या दिवशीही दोन काड्या दाखवत होता. इयरफोन लावला की त्यात एफएम लागतो, त्याला नेटवर्कही लागत नाही. २०२३ मध्ये केंद्राने फोन बनवणाऱ्या कंपन्यांना फोनातला एफएम बंद ठेवू नका असं सांगितलं, ते उगाच नाही. आणि मावशींकडून कळलेली माहिती कुठल्याही ॲपवर नव्हती: 'भाऊ, पाणी देवळाच्या तिसऱ्या पायरीला लागलंय, सकाळी पहिलीला होतं.' पायऱ्या मोजणारी ही बाई माझ्या मते शहरातल्या उत्तम जलमापकांपैकी एक आहे. अर्थात, टॉवर पडले तर तिचाही फोन निकामी, हे मी लपवत नाही. टॉवरची बॅटरी काही तास पुरते, मग जनरेटर, आणि रस्ते बुडाले की डिझेल पोचत नाही. अशा वेळी तिची पायरी माझ्यापर्यंत चालत यायची आणि माझ्याकडून रेडिओवर पुढे जायची. एरवी दुसऱ्याचा निरोप हॅमने पोचवायचा नसतो. आपत्तीत नियम ती मोकळीक देतात. पण पुढे म्हणजे कुणाकडे? पलीकडे सेट लावून ऐकणारा कुणी असेल तर. त्या वेळी माझ्या ऐकण्यात तरी कुणी नव्हतं.

सुरक्षेचा मुद्दा, म्हणजे खासगी हातातला रेडिओ धोक्याचा हा, मी पटकन संपवतो, कारण त्यात फारसा दम नाही, इतिहास मात्र आहे. १९३९ मध्ये युद्ध सुरू होताच इंग्रज सरकारने हिंदुस्थानातल्या हॅमचे परवाने रद्द करून सेट जमा करायला लावले, आणि १९४२ मध्ये उषा मेहता नि त्यांच्या सोबत्यांनी गुप्त काँग्रेस रेडिओ चालवून दाखवला. म्हणजे सरकारची भीती अगदीच निराधार नव्हती! पण आजचा परवानाधारक परीक्षा देऊन येतो, सांकेतिक भाषा वापरू शकत नाही, आणि बोलताना आपलं कॉलसाइन उच्चारतो. जो स्वतःचं नाव पुकारत बोलतो तो अफवा पसरवायला बसला असेल, तर त्याच्याइतका मूर्ख तोच.

उरतो तो शेवटचा, आणि खरं तर मानाचा प्रश्न: हे काम ज्यांचं त्यांनाच करू द्या ना. पण ज्यांचं काम त्यांनी ते कुणाकडून घेतलं? 'सायक्लोन' हा शब्द घडवणारा हेन्री पिडिंग्टन हवामान खात्याचा नोकर नव्हता. खातं स्थापन झालं १८७५ मध्ये, आणि हा १८४८ मध्येच शब्द देऊन मोकळा झाला होता. मूळचा जहाजावरचा कप्तान, मग कलकत्त्यात स्थायिक. त्याने वर्षानुवर्षं जहाजांच्या नोंदवह्या गोळा केल्या, वारा कुठून, दाब किती, हे नकाशावर मांडलं, आणि १८५३ मध्ये गव्हर्नर जनरलना लिहिलं की मातला नदीवर बंदर बांधू नका, वादळात समुद्र आत येईल. बंदर बांधलंच, पोर्ट कॅनिंग नाव दिलं. १८६७ च्या वादळात ते मोडून पडलं. पिडिंग्टन तोवर वारला होता. ही गोष्ट 'हौशी शहाणा, सरकार वेडं' अशी सांगायचा मोह होतो, पण माझं लक्ष त्या नोंदवह्यांकडे जातं. कप्तानांनी फक्त वादळाच्या दिवशी नोंदी केल्या असत्या तर त्याला काय कळलं असतं? शांत समुद्राच्या शेकडो कंटाळवाण्या दिवसांच्या पार्श्वभूमीवरच ती वावटळ वळताना दिसली.

उलट बाजू पाहायची तर ११ ऑगस्ट १९७९ चं मोरबी आहे. मच्छू-२ धरण फुटलं आणि खालच्या गावाला वेळेत निरोप गेला नाही. वरच्यांना पाणी दिसत होतं. पुणेकरांना १२ जुलै १९६१ चं पानशेत सांगायला नको. खबर होती, पण ती ज्या घरात पोचायला हवी होती तिथे पोचली नाही. या दोन्ही ठिकाणी कमी काय पडलं? मला वाटतं, ज्याला पाणी दिसतं आणि ज्याच्या दारात ते येणार आहे, त्या दोघांमध्ये आधीपासून चाललेलं बोलणं.

मग करायचं काय? फार नाही. शंभर घरांना एकाच मापाचे पर्जन्यमापक द्यावेत, निम्मे शहरात आणि निम्मे पावागडापर्यंतच्या गावांत. वेधशाळेप्रमाणेच सकाळी साडेआठला आकडा बघायचा आणि साध्या एसएमएसने एका नंबरवर पाठवायचा, म्हणजे बटणांचा फोन पुरे. जोराचा पाऊस असेल तेव्हा दर अर्ध्या तासाने. पूर नियंत्रण कक्षात एक सेट, गच्चीवर एक अँटेना, आणि तो चालवता येणारा एक माणूस, जो रविवारच्या हजेरीला 'हजर' म्हणेल. खर्च कुणी म्हणेल तर तो एका बसथांब्यापेक्षा जास्त होईल असं वाटत नाही. 'आकडा चुकला तर जबाबदार कोण?' असं एका बैठकीत मला विचारलं गेलं. मी विचारलं, आकडाच नसेल तर कोण? उत्तर आलं नाही, पण माझं उत्तरही पुरेसं नव्हतं, हे घरी येताना जाणवलं. जबाबदारी इशारा देणाऱ्या अधिकाऱ्याचीच राहील. हौशी माणसाने फक्त खरं लिहायचं, आणि चुकलं तर खोडून पुन्हा लिहायचं, खोडलेलं दिसेल असं.

माझी भाची पॉलिटेक्निकात शिकते. तिने गच्चीत ५३-५४ सेंटिमीटरच्या दोन सळया कोनात बांधून, लॅपटॉपला बोटभर डोंगल लावून, डोक्यावरून जाणाऱ्या अमेरिकन उपग्रहांकडून ढगांची चित्रं उतरवली होती. २०२५ मध्ये ते उपग्रह बंद झाले. आता ती रशियन उपग्रहांच्या मागे आहे. परवा तिने माझी वही चाळली. 'मामा, तू मे महिन्यातपण मोजतोस? रोज?' मी हो म्हटलं. तिने ओळीने खाली बोट फिरवलं: शून्य, शून्य, शून्य, एका तारखेला 'थेंब', पुन्हा शून्य. मग तिने विचारलं, हे तू पाठवतोस कुणाला? वही साडेआठच्या पानावर उघडी होती. पाठवायचा नंबर अजून कुणी दिलेला नाही.